आधी मालक, मग बैल

लांजेवार डॉक्टरांनी माझी नाडी कधी पाहिली नाही, माझ्या छातीला कधी नळी लावली नाही, आणि मला एखादी गोळीही कधी लिहून दिली नाही. तशी अपेक्षाच नव्हती, कारण ते जनावरांचे डॉक्टर होते. तरीही ‘तुमचे डॉक्टर कोण?’ असे कोणी विचारले, की माझ्या मनात पहिल्यांदा त्यांचेच नाव येते. आणि मग थोडे संकोचून मी दुसऱ्या कुणाचे तरी नाव सांगतो.

आमच्या सानगडीच्या जनावरांच्या दवाखान्याची भिंत आणि माझ्या शाळेची भिंत एकमेकींना लागून आहेत. आठवीच्या वर्गात मी व्याकरण शिकवत असताना पलीकडच्या अंगणात म्हैस हंबरायची आणि मुले हसायची. डॉक्टर बदलून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते भिंतीपाशी येऊन म्हणाले, “गुरुजी, माझे विद्यार्थी जरा मोठ्यानं बोलतात, सांभाळून घ्या.” ठेंगणा बांधा, अर्ध्या बाह्यांचा खाकी सदरा, पावसाळा असो की उन्हाळा पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि खांद्यावर दुपट्टा. प्रत्येक जनावर तपासल्यावर ते कोपरापर्यंत साबण लावून हात धूत आणि धुताना हळू आवाजात काहीतरी गुणगुणत. ते गाणे कोणते, हे मला कधीच कळले नाही.

सदऱ्याच्या खिशात त्यांच्याजवळ नेहमी फुटाणे असत. आमच्या भागात पुरुष माणूस भेटला की प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला खर्रा पुढे करण्याची रीत आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचा तो लगदा नाकारणे म्हणजे माणसालाच नाकारणे, असा समज आहे. डॉक्टर नाकारत नसत. समोरच्याने पन्नी उघडली, की ते त्याच्या तळहातावर मूठभर फुटाणे ठेवत आणि म्हणत, “आज माझ्याकडचं घ्या मालक, उद्या तुमचं पाहू.” तो उद्या कधी येत नसे. जनावर आणणारा प्रत्येक जण त्यांच्यासाठी ‘मालक’ होता. मग तो चार एकरांचा धनी असो, नाहीतर दुसऱ्याची बकरी चारणारा असो.

मालकांची चौकशी करण्याची त्यांची सवय कशी सुरू झाली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या सकाळी मी भावाच्या गाईला लस टोचून घ्यायला गेलो होतो. माझ्यापुढे मारोती होता, चाळिशीतला, अंगाने दणकट शेतकरी. तो म्हणाला, “साहेब, बैल मागच्या पायानं लंगडते. मागच्या खेपेची ते मोठी गोळी द्या. लय आराम पडला तिनं.”

डॉक्टरांनी त्याला बैल अंगणात फिरवायला सांगितले. मारोतीने फिरवला. डॉक्टरांनी पुन्हा एकदा फिरवायला लावला आणि या वेळी ते बैलाकडे पाहतच नव्हते.

“मालक, बैल तर सरळ चालून राहिला. लंगडून कोण राहिलं?”

मारोती हातातला कासरा गुंडाळू लागला.

“मागच्या गोळीनं आराम कोणाला पडला होता?”

“दोघायलेबी, साहेब,” मारोती खाली पाहत म्हणाला. “अर्धी त्याले देल्ली, अर्धी मी खाल्ली. कंबर धरली होती ना धानाच्या रोवणीच्या टायमाले.”

मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. ते पायरीवर बसले आणि त्यांनी मारोतीलाही शेजारी बसवले.

“रोवणीपासून आतापर्यंत खाऊन राहिले? बैलाची गोळी?”

“रोज नाही जी. दुखलं तं.”

“अन् माणसाच्या दवाखान्यात काहून नाही गेले?”

“तिथं चिठ्ठी काढा, लायनीत उभे राहा. मंग मॅडम पुसतात, दारू पेता का, बिडी पेता का, झोप येते का. इथं कोणी काही पुसत नाही.”

“हे चुकलंच माझं,” डॉक्टर म्हणाले. “आता पुसत जाईन.”

त्यांनी बैल तिथेच बांधायला सांगितला आणि मारोतीला आपल्या मोटारसायकलवर बसवून आरोग्य केंद्रात नेले. त्याचा रक्तदाब चढलेला निघाला. मूत्रपिंडांची तपासणी झाली. दुखणे मारणाऱ्या त्या गोळ्यांनी त्यांना इजा नुकतीच सुरू झाली होती आणि गोळ्या थांबवल्यावर ती वाढली नाही. मारोती आजही शेती करतो, सकाळी रक्तदाबाची गोळी घेतो आणि ती अख्खी घेतो, असे तो स्वतःच हसून सांगतो.

त्या दिवसापासून दवाखान्यात नवा क्रम सुरू झाला: आधी मालक, मग बैल. डॉक्टर मालकाच्या अंगाला हात लावत नसत. “मी ढोरांचा डॉक्टर आहे. तुमची नाडी धरायची मला परवानगी नाही,” असे ते स्पष्ट सांगत आणि तो नियम त्यांनी कधी मोडला नाही. त्यांच्या हाती फक्त प्रश्न होते, आणि ते प्रश्न तेच होते, जे ते बैलाबद्दल विचारत. चारा नीट खातो का? वजन उतरले का? पाणी जास्त पितो का? चढावर दम लागतो का? बैलाविषयी विचारले, की मालक धडाधड उत्तरे देत. शेणाचा रंगसुद्धा त्यांना पाठ असे. तेच प्रश्न स्वतःविषयी आले, की माणूस आठवत बसे. “काय मालूम साहेब, कोणी पाह्यलं?” हे उत्तर मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकले, की पुढे मला ते हास्यास्पद वाटेनासे झाले. माझेही उत्तर तेच होते. मी फक्त ते शुद्ध भाषेत दिले असते.

एकदा मी त्यांना विचारले, की हा नसता व्याप तुम्ही कशासाठी घेतलात? ते हात धूत होते. म्हणाले, “जनावर बोलत नाही, त्याचं दुखणं आपण ओळखायचं असतं, म्हणून ही विद्या शिकलो. इथं आलो तर कळलं, मालकही बोलत नाही.” आणि साबणाचा फेस झटकून ते पुन्हा गुणगुणू लागले.

त्यांचे एक वाक्य गावभर झाले होते: “बसायच्या आधी या.” बैलाने रवंथ थांबवली, की त्याच दिवशी आणा, तो खाली बसल्यावर आणाल तर माझ्या हाती काही उरत नाही, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे ते मालकांनाही तेच सांगू लागले. आमच्याकडचे पुरुष नेमके बसल्यावरच दवाखान्यात जात. त्याआधी दवाखान्यात जाणे हे रिकामपणाचे किंवा भित्रेपणाचे लक्षण मानले जाई. त्यातही एक पक्की समजूत होती: तपासले, की निघते. न तपासणाऱ्याला रोग नसतोच.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी ग्रामपंचायतीच्या सभागृहात पुरुषांसाठी तपासणी ठेवली होती. बायका आल्या, दोन म्हातारे ताकदीचे औषध मागायला आले. बाकीचे पुरुष सभागृहासमोरच्या पानठेल्यावर उभे राहून आत कोण जाते ते पाहत राहिले. डॉक्टरांनी मॅडमना सुचवले, की पोळ्याच्या आदल्या दिवशी आखरावर या. आखर म्हणजे गावाची गुरे एकत्र येतात ती मोकळी जागा. आदल्या दिवशी बैलांना धुऊन, जुवाने घासलेले त्यांचे खांदे तूप-हळदीने आणि पळसाच्या गरम पानांनी शेकण्याची आमची प्रथा आहे. त्या दिवशी बैल सोडून मालक कुठे जात नाही.

त्या दुपारी आखराच्या कडुलिंबाखाली टेबल मांडले गेले. मॅडम आणि नर्सबाई बसल्या. डॉक्टर सर्वांच्या देखत खुर्चीवर बसले आणि त्यांनी दंड पुढे केला. “माझं आधी. मीही एका घरचा बैलच आहे.” लोक हसले. पट्टा फुगला, मॅडमनी आकडा सांगितला. तो जरा जास्त होता. डॉक्टरांनी तो मोठ्याने पुन्हा सांगितला आणि म्हणाले, “बायकोच्या कानावर जाऊ देऊ नका, माझं लोणचं बंद होईल.” मग ते उठून बैलांमध्ये गेले आणि एकेका मालकाच्या हातातले गरम पान काढून घेऊ लागले. “त्याचा खांदा मी शेकतो. तोवर तुम्ही तुमचा दंड दाखवून या.”

त्यांनी गावाला माणसाचे वयही बैलाच्या भाषेत समजावले. कोवळ्या गोऱ्ह्याचे दात पाहायचे, म्हणजे विशीतल्या पोरांनी तोंड दाखवायचे. कामाला जुंपल्यावर खांदा पाहायचा, म्हणजे तिशीनंतर रक्तदाब. अंगावर मांस चढले की साखर पाहायची. आणि बैल जुना झाला, की त्याची लघवी पाहायची. या शेवटच्या मुद्द्यावर त्यांनी तुळशीराम आजांना गाठले. तुळशीराम आजा हे गावातले भारदस्त गृहस्थ. त्यांच्यासमोर कोणी चिलीमसुद्धा ओढत नसे.

“आजा, तुमचा बैल मुततो तेव्हा धार कशी पडते?”

“मोकळी. चांगली.”

“अन् मालकाची?”

सगळा आखर हसला. आजा हसले नाहीत. काठी आपटून म्हणाले, “काही लाजबीज आहे का नाही तुले, डाक्टर?” आणि निघून गेले. मला डॉक्टरांचा तो प्रश्न तेव्हा अनाठायी वाटला आणि तसे मी त्यांना सांगितलेही. “खरं आहे गुरुजी, चारचौघांत नको होतं विचारायला,” ते लगेच म्हणाले. संध्याकाळी ते आजांच्या घरी जाऊन क्षमा मागून आले. चार दिवसांनी आजा भिंतीपाशी दिसले. इकडे तिकडे पाहून डॉक्टरांना म्हणाले, “तुह्या त्या मॅडमच्या जागी कोणी बाप्या डाक्टर बसते का गा, कोण्या दिवशी?” आजांची प्रोस्टेटची गाठ वाढलेली होती, साधी होती, औषधांनी आटोक्यात आली.

आता माझ्या भावाविषयी लिहायला हवे.

सदूदादा माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. मी शिकलो, त्याने शेती सांभाळली. आमची घरे शेजारी आहेत. मधे एक विहीर आहे. शंकरपटाच्या बैलजोड्यांचा त्याला विलक्षण नाद. हिवाळ्यात धानाची कापणी झाली, की मोकळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, मैदान आखले जाते आणि जोड्या धावतात. दादाच्या बादल आणि हिरा या जोडीला तालुक्यात मान होता, आणि त्याहून मान होता त्याच्या हाकेला. छकड्यावर उभा राहून तो अशी काही हाक देई, की मैदानाच्या त्या टोकाची माणसे मान वळवत. चाबूक त्याने कधी वापरला नाही. बैल त्याच्या आवाजावर सुटत.

त्या हिवाळ्यात, पटाच्या तोंडावर, दादा बादलला घेऊन दवाखान्यात आला. पटात उतरवण्यासाठी त्याचा तंदुरुस्तीचा दाखलाही हवा होता. शाळेची मधली सुट्टी होती. मी भिंतीपाशी उभा होतो.

“डाक्टर साहेब, याचा कान पाहा. बहिरा झाला का काय मालूम. हाक देतो तं सुटतच नाही. हिरा याच्या भरवशावर पळते, म्हणून तोबी अडून राह्यला.”

डॉक्टरांनी खिशातून फुटाणे काढून दादाच्या हातावर ठेवले. दादाने ते नेहमीप्रमाणे बादलच्या तोंडापुढे धरले. मी हे कित्येकदा पाहिले होते आणि बैलावरच्या मायेचे लक्षण समजत आलो होतो. डॉक्टर मात्र त्या हाताकडे क्षणभर पाहत राहिले.

नेहमीचा क्रम त्या दिवशी त्यांनी बदलला. मालकाला काहीच विचारले नाही. बादलला खोड्यात घेतले, विजेरीच्या उजेडात दोन्ही कान आतपर्यंत पाहिले, मळ पुसून काढला. मग त्याला अंगणात मोकळा उभा केला, स्वतः लांब मागे गेले आणि जिभेने हलकाच टक् असा आवाज काढला. बादलचे दोन्ही कान मागे वळले.

“आता तुम्ही हाक द्या, मालक.”

दादाने हाक दिली. ती हाक नव्हती. घशात उठलेला आवाज दातांमागेच अडल्यासारखा झाला. जणू कोणी त्याच्या तोंडावर गोधडी धरली होती. बादल शांतपणे उभा राहिला.

“पुन्हा एकदा. तोंड पूर्ण उघडून.”

दादाने पुन्हा प्रयत्न केला, आणि मला प्रथमच दिसले, की त्याचे तोंड पूर्ण उघडत नाही.

“बैलाचा कान चांगला आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुमची तीन बोटं उभी धरा आणि तोंडात घालून पाहा. मी हात लावत नाही. तुम्हीच पाहा.”

दादाची दोन बोटेही कशीबशी गेली. डॉक्टर त्याच्याजवळ आले आणि अतिशय हळू बोलले. “फुटाणे तुम्ही कधीच खाल्ले नाहीत. तिखट लागतं ना तोंडाला? जळते ना आत?”

“मी बैल दाखवायले आणला, डाक्टर,” दादा कडाडला. निदान कडाडण्याचा त्याने प्रयत्न केला. “मले नाही आणलं. दाखला देता का नाही, ते सांगा.”

मला मनापासून वाटले, की डॉक्टरांनी आता दाखला अडवावा. दादा जोडीसाठी कुठेही, अगदी माणसांच्या दवाखान्यातही, गेला असता. डॉक्टरांनी मात्र टेबलाशी बसून दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला आणि दादाच्या हाती दिला. “दाखला बैलाचा आहे. बैल तंदुरुस्त आहे. तो अडवायचा मला हक्क नाही.” दादा वळला तेव्हा ते इतकेच म्हणाले, “बैलानं ओळखलं, मालक. बसायच्या आधी जा.”

त्या रात्री मी जेवू शकलो नाही. गेले वर्षभर दादा भातात वरण कालवून अगदी मऊ करून खात होता. त्याने लाल तिखट सोडले होते आणि त्याबद्दल मी, भाषेचा शिक्षक, भर पंगतीत त्याची स्तुती केली होती: या वयात असा संयम हवा! तो हसला होता; ओठ मिटूनच हसला होता. ज्या भावाच्या ताटाशेजारी मी बसत होतो, त्याच्या तोंडाकडे मी एकदाही पाहिले नाही. पाहिले ते गुरांच्या डॉक्टरांनी, फुटाण्यांवरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला मी बांधीत पाहिले. बादल आणि हिरा छकड्याला जुंपलेले होते आणि दादा एकटाच हाक देत होता. एकदा. पुन्हा. बैल मान वळवून त्याच्याकडे पाहत, जणू कोणी अनोळखी माणूस दोर धरून उभा आहे. मी विहिरीपाशी थांबलो. जवळ जाण्याचे धैर्य झाले नाही. थोड्या वेळाने त्याने जोडी सोडली, बादलच्या पाठीवरून हात फिरवला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“चाल भंडाऱ्याले.”

“आजच?”

“आजच. उद्या माह्यं मन पलटन.” मग जरा थांबून म्हणाला, “तपासलं की निघते म्हणतात. निघालं तं तू सांभाळशीन ना घरचं?”

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे तोंड पाहिले. खर्ऱ्यामुळे गालाची आतली कातडी कडक होऊन आवळत गेली होती आणि एका बाजूला पांढरा चट्टा होता. त्या चट्ट्याचा बारीक तुकडा तपासणीला पाठवला. उत्तर यायला काही दिवस लागणार होते.

ते दिवस दादाने गोठ्यात काढले. तो खर्राही मागत नव्हता. फक्त बैलांना पुन्हा पुन्हा पाणी दाखवत होता. वहिनी मला विचारी, “भाऊजी, तुमी शिकलेले, तुमाले काय वाटते?” आणि मला काही वाटण्याचा अधिकारच उरला नाही, असे मला वाटे. लांजेवार डॉक्टर रोज संध्याकाळी येत. आजाराबद्दल एक शब्दही न काढता ते दादाच्या शेजारी बसत, बादलचे खूर पाहत, शिंगे पाहत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दादाच म्हणाला, “डाक्टर, त्याच्यात पाहाचं काही राह्यलं नाही आता. घरी जाऊन राह्यले तं जा, बसून राह्यले तं बसा.” डॉक्टर बसले.

निकाल घ्यायला आम्ही दोघे गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि मान वर करून म्हणाल्या, “कॅन्सर नाही.” दादाने माझ्याकडे पाहिले, ते वाक्य त्याला माझ्या तोंडून पुन्हा ऐकायचे होते. मी म्हणालो, “दादा, कॅन्सर नाही.” त्याने बाकावर बसून घेतले. बाईंनी पुढचे सारे नीट बजावले. खर्रा आजपासून कायमचा बंद. तो सुटला नाही, तर हाच चट्टा पुढे घातक होऊ शकतो. ठरल्या वेळी येऊन दाखवत राहायचे. तोंड पहिल्यासारखे होईल याची खात्री नाही, पण व्यायामाने पुष्कळ उघडेल. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक काडी वाढवत जायची.

परतीच्या वाटेवर दादाने एसटीच्या खिडकीतून खर्ऱ्याची पन्नी बाहेर टाकण्यासाठी काढली आणि मग पुन्हा खिशात ठेवली. “रस्त्यावर नको,” म्हणाला, “कोण्याचं ढोर खाईन.” घरी येऊन त्याने ती चुलीत घातली. त्या रात्री आमच्या दोन्ही घरांत बऱ्याच दिवसांनी मोठ्याने बोलणे झाले.

खर्रा सुटताना तो चिडला, भांडला, दोनदा घसरलाही. घसरला की स्वतः दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सांगे, आणि डॉक्टर न रागावता फुटाणे देत. त्या वर्षीचा पट त्याने कडेला उभे राहून पाहिला. जोडी त्याच्या मुलाने हाकली आणि ती मागे पडली. काड्या मात्र त्याने सोडल्या नाहीत. पुढच्या पोळ्याला आखरावर नर्सबाईंपुढे सर्वांत आधी दंड पुढे करणारा माणूस सदूदादा होता. मग त्याने सर्वांच्या देखत तोंड उघडून आपली तीन बोटे आत घालून दाखवली. तिसरे बोट जरा घासून गेले, पण गेले. डॉक्टर बैलाचा खांदा शेकत होते. त्यांनी पळसाचे पान बाजूला ठेवून फुटाणे काढले. दादाने एकेक करून ते चावले. सगळा आखर ते कुडुमकुडुम ऐकत होता.

पुढच्या वर्षी डॉक्टर निवृत्त होऊन भंडाऱ्याला राहायला गेले. निरोपाच्या दिवशी ते भिंतीपाशी आले आणि हसून म्हणाले, “गुरुजी, साऱ्या गावाला प्रश्न विचारले, तुम्ही तेवढे सुटलात. तुमच्याकडे बैल नाही ना.” मीही हसलो. दादासोबत मी इतक्या वेळा भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेलो होतो, की कोणती खोली कुठे आहे हे मला पाठ झाले होते. पण सोबत जाणे आणि स्वतः जाणे यांतले अंतर मी अजून ओलांडले नव्हते. अलीकडे मला पाणी जास्त लागत होते आणि जिना चढताना धाप लागत होती. हे मी कुणाला बोललो नव्हतो. पंचावन्न गाठलेला माणूस आणखी काय सांगणार, असे मी स्वतःला समजावत असे.

ते ओळखले दादाने. एका सकाळी विहिरीवर मी पाण्याचा दुसरा तांब्या तोंडाला लावला, तेव्हा तो पलीकडून पाहत होता.

“काहून गा, इतकं पाणी? काल बी पाह्यलं मी.”

“उकाडा आहे दादा.”

“उकाडा! हिवाळ्यात?” आणि त्याने ओरडून सांगितले, अगदी त्या जुन्या हाकेसारखे, की विहिरीवरची पाखरे उडाली. “तुह्याजवळ बैल नाही, म्हणून तू सुटला समजतं का? मी आहो ना! उद्या काही खाऊ नको. उपाशी पोटी रक्त देतात.”

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या दवाखान्यात, रक्त तपासणीच्या खोलीबाहेर, पुरुषांची लांब रांग बाकांवर बसलेली होती. दादा चिठ्ठी काढायला गेला. मी बसायला जागा शोधत होतो आणि एका बाकाच्या टोकाला मला रबरी बूट दिसले. लांजेवार डॉक्टर. अंगाने थोडे उतरले होते, केस पांढरे झाले होते. पण बाही आधीच वर दुमडून ठेवलेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले, हातात माझ्या नावाची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या दादाकडे पाहिले आणि सगळे समजले. ते बाकावर सरकले. मी त्यांच्या शेजारी बसलो. आम्ही दोघेही उपाशी होतो.

“भीती वाटते का, गुरुजी?”

“थोडी वाटते.”

“मलाही दरवेळी वाटते,” ते म्हणाले. “वाटली तरी येतो.”

माझी साखर वाढलेली निघाली, पण फार नाही. पथ्य आणि एका गोळीवर ती आता आटोक्यात आहे. पण ते मला दुपारी कळले. आम्ही बाकावर बसलो होतो तेवढ्यात आतून डॉक्टरांच्या नावाचा पुकारा झाला. ते उठले, खिशात हात घातला आणि माझ्या तळहातावर मूठभर फुटाणे ठेवून त्यांनी माझी बोटे मिटवली.

“आत्ता नाही. सुई झाल्यावर.”

आणि कसलेतरी गाणे गुणगुणत, दंड आधीच पुढे धरून, ते पडद्याआड गेले.